झाडलेली माती

"म्हणजे खच्चीकरणच की, मॅडम," गळवे साहेब म्हणाले.

समोरची डॉक्टरीण तिशीतली असेल. ती जरा अवघडली. "तसं नका म्हणू. आम्ही त्याला हार्मोनचे उपचार म्हणतो."

"तुम्ही काही म्हणा. मी एकतीस वर्षं तेच केलंय. अकरा हजारांवर बैलं. मला नाव बदलून सांगू नका."

मी कोपऱ्यात स्टुलावर, एक्स-रे न् स्कॅनच्या फोटोंची मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. खाली बघत होतो. साहेब आमच्या दवाखान्याचे पशुधन पर्यवेक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. मी त्यांच्या हाताखालचा व्रणोपचारक. नाव भारदस्त, काम साधं: जनावर धरायचं, जखम धुवायची, सुई उकळायची, साहेब म्हणतील ते करायचं. बावीस वर्षं मी ते केलं. बैल आडवा पाडून मी शिंगं दाबून धरायची आणि साहेबांनी लांब दांड्यांचा चिमटा लावायचा. दोन मिनिटांत काम होई.

त्यामुळे आख्ख्या माणदेशात एक चेष्टा ठरलेली होती. आमची मोटारसायकल कुठल्याही पारापाशी थांबली की कुणीतरी ओरडायचं, "गळवे सायेब आलं रं, पाय जवळ घ्या!" सगळा पार हसायचा. साहेबही हसायचे.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सावकाश सांगितलं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. आता तो काढून टाकता येणार नव्हता, पण त्याचं खाणं तोडता येणार होतं. तो पुरुषी हार्मोनवर जगतो. ते बंद केलं की निपचित पडतो, काही जणांत वर्षानुवर्षं. त्याला दोन वाटा होत्या. एक छोटं ऑपरेशन, वृषणं काढून टाकायची, की कायमचं मिटलं. नाहीतर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. परिणाम दोन्हींचा एकच.

"तुमच्या मणक्यात एक जागा मला आवडलेली नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी ऑपरेशन सुचवेन."

"इंजेक्शन," साहेब म्हणाले.

"घरी विचारून—"

"इंजेक्शन, मॅडम."

मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. "मग हे नीट ऐका. या इंजेक्शननं हार्मोन लगेच कमी होत नाही. आधी पंधरा दिवस उलट वाढतं, मग बंद पडतं. त्या दिवसांत मणक्यातली गाठ फुगली तर पाय जाऊ शकतात. म्हणून आठ दिवस आधी गोळ्या सुरू करायच्या, मग इंजेक्शन, आणि पुढं महिनाभर गोळ्या चालूच. आणि पाय जड झाले, ओढायला लागले, लघवी अडली, तर त्याच तासाला इथं यायचं. दुसऱ्या दिवशी नाही." मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोण तुमचे?"

"माझा माणूस," साहेब म्हणाले.

"तुम्हीही लक्षात ठेवा."

"हो मॅडम," मी म्हणालो. ते लक्षात ठेवलं नव्हतं असं मला आजही म्हणता येत नाही.

परतीच्या वाटेवर एका टपरीवर चहा घेताना साहेबांनी मला शपथ घातली. घरी मूत्राशयाचा विकार म्हणून सांगायचं. बायकोला, म्हणजे मालनवहिनींना नाही, सासरी नांदणाऱ्या दोन्ही लेकींना नाही, कुणालाच नाही. सुई गावातल्या कंपाउंडरकडून टोचून घ्यायची नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती मी द्यायची.

"ऑपरेशन बरं झालं असतं की, सायेब," मी भीत भीत म्हणालो. "एकदाच काय ते. तुमाला त्याचं काय नवल?"

साहेबांनी बशी खाली ठेवली. "तुला सिधू पवाराचा बैल आठवतो?"

आठवत होता. मारकं खोंड होतं ते. साहेबांना बघितलं की दावं तोडायला बघायचं. आम्ही पाचजणांनी त्याला पाडलं होतं.

"दुसऱ्या वर्षी लस टोचायला गेलो. मला वाटलं, आता हा मारणार. आला, आन् माझा हात चाटायला लागला. ज्या हातानं केलं, तोच हात. राग तर राहू दे, ओळखसुद्धा उरली न्हवती त्याला. सगळीच बैलं चाटत्यात, ज्योतिराम. मी त्या घरचं पाणीसुद्धा घेत न्हाय, तुला ठावं हाय."

ते मला ठाऊक होतं. बैलानं हात चाटला की साहेब त्या घरी चहा नाही, पाणी नाही, तसेच निघायचे. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना लाळेची किळस येते.

"इंजेक्शन तीन महिन्यांचं असतंय," ते म्हणाले. "नको वाटलं तर पुढचं घ्यायचं न्हाय. चिमटा उघडता येत न्हाय."

नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी वाळवण घालायला माडीवर होत्या. साहेबांनी आतल्या खोलीत दार लोटून घेतलं आणि टेबलाचा खण उघडला. इंजेक्शनचा खोका काढताना त्याखाली गोळ्यांची पाकिटं दिसली. चार होती. चारही भरलेली, एकाही गोळीचा चंदेरी कागद फाटलेला नव्हता.

"सायेब, ह्या घेतल्या न्हाईत?"

"माहितीपत्रक वाचलं मी. छातीला गाठी येत्यात त्यानं. बाईसारख्या." त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "मला सहा दिवसांनी जत्रेत पंच म्हणून हुबं ऱ्हायचंय, दूध द्यायला न्हवं."

"पर मॅडमनी दोनदा रेघ मारलीया."

"मॅडम माणसांच्या डॉक्टर. आता मला सांग, गाय उलटत असली, गाभण ऱ्हात नसली की रेतनाच्या वेळी आपण कुठली सुई देतो?"

मी नाव सांगितलं.

"हे त्याच घराण्यातलं औषध. शेकडो गायींना दिलंय तू आन् मी. एक तरी गाय बसली का? एकीचे तरी पाय गेले? आधी वाढतंय म्हणत्यात, तर वाढू दे. जत्रेपुरतं अंगात भरलं तर बरंच हाय. मग कायमचं ओहोटायचंच हाय."

ऐकायला ते पटण्यासारखं होतं. आमच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला पटलं असतं. त्या औषधाची नस आम्हाला माहीत होती ना! फक्त ज्यांना आम्ही ते दिलं होतं त्यातल्या एकाही गायीच्या मणक्यात गाठ नव्हती, एवढं सोडून.

मी नाही म्हणायला हवं होतं. खोका उचलून वहिनींकडे माडीवर जायला हवं होतं. पण बावीस वर्षांत साहेबांना नाही म्हणायची माझ्या जिभेला सवयच नव्हती. मी भुकटीत पाणी मिसळलं, बाटली हलवली, साहेब पालथे झोपले आणि मी सुई दिली. हात अजिबात थरथरला नाही. त्याचीही मला आता लाज वाटते.

"हलका हात हाय तुझा," साहेब उशीत तोंड ठेवून म्हणाले. "जनावरांना बोलता येत न्हाय, म्हणून कुणी सांगितलं न्हाय तुला."

जत्रा पौषातली, खिलार जनावरांची. आमच्या भागात तिच्यासारखी दुसरी नाही. शेवटच्या दिवशी खोंडांची निवड होते आणि गेली सोळा वर्षं ती साहेब करत होते. त्यांची रीत वेगळी होती. बाकीचे पंच शिंगं बघतात, वशिंड बघतात, कातडी चिमटीत धरतात. साहेब माती बघायचे. मैदानात वीस पावलांची एक पट्टी आखायची, बारीक माती पसरायची, मी लिंबाच्या फांद्यानं ती झाडून आरशासारखी करायची. मग मालकानं खोंड त्यावरून चालवत न्यायचं. साहेब खोंडाकडे बघायचेच नाहीत. ते गेलं की वाकून खुरांचे ठसे वाचायचे. "मालक जनावराला शिकवून आणतोय, लंगडं असलं तरी नीट चालवतोय," ते म्हणायचे. "मातीला कोण शिकवणार?" एकदा त्यांनी सगळ्यात देखणं खोंड बाद केलं होतं. मागच्या पायाचं खूर मातीत केसाएवढी रेघ ओढत गेलं होतं म्हणून. मालक भांडायला उठला. दोन महिन्यांत ते खोंड मागून बसलं. कंबरेच्या मणक्यात दोष होता.

तेव्हापासून साहेबांच्या शब्दापुढे कुणी गेलं नाही. ठसे वाचून झाले की मी पट्टी झाडायची, पुढचं खोंड. मीही इतक्या वर्षांत ते वाचायला शिकलो होतो.

त्या दिवशी साहेबांनी फेटा बांधला होता. गालावर लाली होती. सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "जरा कंबर भरल्यागत वाटतीया. परवापासनं." मग लगेच, "थंडी हाय." मैदानात शिरताना कुणीतरी नेहमीचं ओरडलं, "पाय जवळ घ्या रं, सायेब आलं!" हशा पिकला. साहेबांनी हात वर केला. मी मात्र त्या दिवशी हसलो नाही.

एकोणीस खोंडं झाली. विसावं पुकळे नावाच्या मालकाचं होतं, कोसा रंगाचं, मान अशी उचललेली की जणू सगळी जत्रा त्याच्या दर्शनाला आली आहे. ते पट्टीवरून गेलं. ठसे स्वच्छ होते, एकात एक. साहेब खूश झाले. मी पट्टी झाडली. मग त्यांनी कधी नव्हे ते केलं. पट्टीवरून चालत पलीकडे गेले आणि खोंडाच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवला. खोंडानं फुरकन् नाक उडवून शिंग वळवलं. "अस्सल हाय," साहेब म्हणाले आणि आले तसे परत निघाले. पट्टीवरूनच.

ते पोचायच्या आत मी फांदा घेतला आणि त्यांच्या पाठोपाठ माती झाडत आलो.

साहेबांनी वळून बघितलं. पट्टी कोरी होती.

"अजून कुणी राह्यलंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय सायेब. एवढंच."

बक्षिसं त्यांनी खुर्चीत बसूनच दिली. जीपमधून उतरताना माझा खांदा धरला. "पाय झोपलाय," म्हणाले. मी त्यांना ओसरीवर बसवून घरी गेलो. वाटेत दोनदा सायकल थांबवली. उद्या बघू, म्हटलं. दमलेत. उतरेल. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. मुद्दाम गेलो नाही, हे सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी दिवस उगवायला वहिनींचा फोन आला. साहेब खाटेवरून उठायला गेले ते तसेच खाली बसले. रात्रीपासून लघवी अडली होती.

दवाखान्यात पोचायला दोन तास लागले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तळव्यावर किल्ली ओढली. मी ती किल्ली बघत होतो. साहेब छताकडे बघत होते.

"लागतंय का?"

"काय?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी किल्ली खिशात टाकली. "गोळ्या चालू होत्या ना?"

मी तोंड उघडलं. साहेब माझ्या आधी बोलले. "घेतल्याच न्हाईत. ह्याला सांगितलं होतं घेतल्या म्हणून. ह्याचा दोष न्हाय."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "पाय कधीपासून ओढत होते? नीट आठवून सांगा. यावर पुष्कळ अवलंबून आहे. माणूस चालत आत आला तर बहुतेक वेळा चालत बाहेर जातो."

"काल सांजच्यापास्नं," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. त्या फाइलीत अजून तसंच आहे.

नंतर बाहेरच्या बाकड्यावर वहिनी माझ्या शेजारी येऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. रोग कुठला, सुई कशाची, ती का घ्यायची. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पदर दोन्ही हातांनी पिळत होत्या.

"भावजी, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय वैनी."

"मला एका शब्दानं सांगितलं असतं तर मी त्यास्नी खोलीत कोंडून गोळ्या घातल्या असत्या. जत्रा गेली खड्ड्यात." त्यांनी पदराचा पीळ सोडला. मग हळूच म्हणाल्या, "ते बाप्या राह्यलं का न्हाय, ह्याची चवकशी मी कवा केली हुती? मला माणूस पायजे हुता चालताबोलता."

मणक्यावर किरणं दिली. सलायनमधून औषधं दिली. पंधरा दिवस गेले, महिना गेला. पाय आले नाहीत.

आणि त्या इंजेक्शननं आपलं काम चोख केलं. कॅन्सर मोजायचा रक्तातला आकडा तीनशेवरून एकाच्या खाली आला. हाडं दुखायची थांबली. रोग निपचित पडला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या अगदी तसा. साहेब पाच वर्षं जगले. पाचही वर्षं खाटेवर, नळी आणि पिशवीसकट. अंगावरचे केस गेले, कातडी मऊ पडली, छातीही भरली. घामाच्या लाटा येत, मग वहिनी पंख्यानं वारा घालत बसत. दर तीन महिन्यांनी सुई मीच द्यायचो. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नसे.

'नको वाटलं तर पुढचं घ्यायचं न्हाय' असं म्हणाले होते, पण एकदाही नको म्हणाले नाहीत. पहिल्या पहिल्यांदा मी सुई भरून थांबायचो, म्हणतील म्हणून. ते मुकाट्यानं कुशीवर व्हायला हात पुढे करायचे.

त्यांच्या डोळ्यांवर लोकांचा भरवसा मात्र होता. खोंड विकत घ्यायचं असलं की कुणी ना कुणी ते अंगणात घेऊन यायचं. मी खाटेसमोर माती पसरून झाडायचो, खोंड त्यावरून जायचं, आणि साहेब मान वळवून ठसे वाचायचे. पाय जवळ घ्यायची चेष्टा आता कुणी करत नसे. ते न करणं जास्त लागायचं.

चौथ्या वर्षातली गोष्ट. इंजेक्शनचाच दिवस होता. सकाळी एकजण खोंड दाखवून गेला होता. "घे, चांगलं हाय," साहेबांनी सांगितलं होतं. मी ठसे झाडून फांदा भिंतीला टेकवला आणि आत भुकटी कालवत बसलो. उघड्या दारातून अंगणातली ती कोरी पट्टी दिसत होती.

"ज्योतिराम."

"सायेब?"

"त्या जत्रेत इसाव्या खोंडानंतर तू माती झाडलीस. मग एकदा आणिक झाडलीस. मदी खोंड गेलं न्हवतं."

बाटली माझ्या हातात होती. मी ती हलवत राहिलो, मिसळून झाली होती तरी.

"कुठला पाय?"

"डावा."

"टाच का चवडा?"

"चवडा, सायेब. आंगठ्याची रेघ. परतेक पावलाला, चार बोटं."

साहेबांनी डोळे मिटले. रोगनिदान करताना ते असेच डोळे मिटायचे. "मग कंबरेच्या वर व्हतं," ते म्हणाले. "त्याच दिवशी न्यायला पायजे व्हतं."

"व्हय."

"चालत आत गेलो असतो."

"व्हय, सायेब."

"का झाडलंस?"

मी इतकी वर्षं उत्तर शोधत होतो. तुमची अब्रू म्हणून, तुमचा शेवटचा दिवस म्हणून, घातलेली शपथ म्हणून. त्यातलं एकही तोंडून निघालं नाही. "लोक बघत हुते," मी म्हणालो. "त्यास्नी वाचाय येत न्हवतं. पर तुमाला आलं असतं."

त्यांनी मान हलवली. बाहेर वहिनी भाकरी थापत होत्या, तो आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता ते ओरडतील. मी वाटच बघत होतो त्याची. आईवरून शिवी द्यावी, फांदा फेकून मारावा, पुन्हा दारात पाऊल टाकू नकोस म्हणावं. त्यांनी कुशीवर व्हायला हात पुढे केला.

मी त्यांना वळवलं, सुई दिली, कापूस दाबून धरला. तेव्हा साहेबांनी मागं हात चाचपत माझा हात पकडला. त्यांनी तो ओढून घेतला आणि आपल्या गालाशी धरला. गाल मऊ होता, ओला होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कशाचाच राग नव्हता.

"हलका हात हाय तुझा," ते म्हणाले.

मी हात ओढून घेतला.

स्वयंपाकघरातून वहिनींनी हाक मारली, "भावजी, ताट केलंय. जेवून जावा."

"भूक न्हाय वैनी," मी म्हणालो, आणि पाणीसुद्धा न घेता सायकल काढली.